सगळ्यांनी गाड्या चार्जिंगला लावल्या तर डीपी उडेल का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वाकडमधली १६८ फ्लॅटची सोसायटी, आवारात ६३० केव्हीएची एक डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर (केव्हीए म्हणजे इथे ढोबळमानाने किलोवॉटच धरा). आज ९ इलेक्ट्रिक गाड्या आणि तीसेक स्कूटर आहेत. आणखी १४ जणांनी चार्जर मागितला आहे आणि कमिटीने परवानगी अडवून ठेवली आहे, कारण सेक्रेटरींनी सभेत हिशेब मांडला: १६८ गुणिले ७.४ किलोवॉट म्हणजे १,२४३ किलोवॉट, डीपीच्या जवळपास दुप्पट. तुमच्या इलेक्ट्रिशियनने एप्रिलमध्ये रात्री दहा वाजता घेतलेलं रीडिंग ४३० अँपिअर. आणि शेवटी तुम्ही विचारता, एका सोसायटीचं हे, तर देशाची ग्रिड हे कसं पेलणार?

आधी उत्तर देतो, मग कारणं. त्या १४ जणांना परवानगी द्या. पण पंचविसाव्या गाडीच्या आत एक व्यवस्था उभी करावी लागेल, आणि तिची तयारी आजपासूनच सुरू करा. पंचवीस हा आकडा कुठून आला ते पुढे येईलच.

सेक्रेटरींच्या गुणाकारात चूक नाही. पण त्याच रीतीने मोजायचं तर तुमची सोसायटी गाड्या येण्याआधीच अंधारात जायला हवी होती. फ्लॅटमागे दोन गीझर धरा, प्रत्येकी २ किलोवॉट. १६८ फ्लॅटचे झाले ६७२ किलोवॉट, म्हणजे नुसत्या गीझरनीच डीपी भरली. वर एसी, इस्त्र्या, ओव्हन, लिफ्ट, पाण्याचे पंप आहेतच. तरी डीपी शांत उभी आहे, कारण तिसऱ्या मजल्यावरचा गीझर बंद होतो तेव्हा सातव्यावरचा चालू होतो. याला आमच्या धंद्यात डायव्हर्सिटी म्हणतात आणि वितरणाचं सगळं जाळं याच भरवशावर उभं आहे. वर्षातून एकदा हा भरवसा ताणला जातो: नरक चतुर्दशीची पहाट. पाच वाजता घराघरांत गीझर. तेव्हाही निभावतं, कारण त्या वेळी एसी बंद असतात.

म्हणजे गाड्यांच्या बाबतीत विचारायचं ते हे: रोज एकूण किती युनिट लागणार, आणि एका क्षणी किती गाड्या एकत्र खेचणार. हे दोन हिशेब वेगळे आहेत आणि सगळा घोळ ते एकात मिसळल्यामुळे होतो.

पहिला हिशेब. शहरात गाडी दिवसाला सरासरी ३० किलोमीटर फिरते असं धरू. युनिटला सहा-सात किलोमीटर आणि चार्जरमधली गळती धरून ५ युनिट. १६८ फ्लॅटना प्रत्येकी एक गाडी, सगळ्या इलेक्ट्रिक, तरी रोजचे ८४० युनिट. रात्री अकरा ते सकाळी सहा या सात तासांत ते वाटले तर लोड येतो १२० किलोवॉट. सेक्रेटरींचा १,२४३ आणि हा १२०. गाड्या त्याच, सोसायटी तीच, फक्त वेळ वाटून घेतली.

आता तुमची डीपी. ६३० केव्हीएला ४३३ व्होल्टवर पूर्ण लोडचा करंट ८४० अँपिअर. तुमचं ४३० चं रीडिंग खरं मानलं तर रात्री दहाला साधारण ३२० केव्हीए चालू आहे. मी ८० टक्क्यांच्या वर नियोजन करत नाही, म्हणजे ५०४ ही माझी रेघ. शिल्लक उरते १८० च्या आसपास. यात ७.४ किलोवॉटचे २४ चार्जर एकदम चालले तरी बसतात. आजच्या ९ गाड्या आणि नवे १४ मिळून २३ होतात. सगळे एकाच वेळी, भर उन्हाळ्यात, रात्री दहाला लागले तरी रेघ ओलांडत नाहीत. म्हणून म्हटलं, परवानगी द्या. पंचविसावा आला की मात्र नशिबावर सोडून चालणार नाही.

स्कूटरची चिंता करू नका. स्कूटरचा घरगुती चार्जर साधारण पाऊण किलोवॉटचा, मिक्सरएवढा. तीस स्कूटर एकत्र लावल्या तरी बावीस-तेवीस किलोवॉट, आणि त्यातलं बरंचसं तुमच्या ४३० मध्ये आधीच मोजलं गेलं असणार.

इथे थोडा थांबतो, कारण पुढचा मुद्दा बहुतेक लोकांना उलटा वाटतो. 'लोकांना शिस्त नाही, आल्या आल्या गाडी लावतात, म्हणून धोका' असं मानलं जातं. माझा अनुभव असा की बेशिस्त परवडते. लोक संध्याकाळी सात ते अकरा या वेळात मागेपुढे घरी येतात. पाच युनिट भरायला ७.४ च्या चार्जरवर चाळीस मिनिटं लागतात. चार तासांत विखुरलेल्या १६८ गाड्यांपैकी एका क्षणी सरासरी २८ चालू सापडतील. म्हणजे २०७ किलोवॉट. ३२० अधिक २०७, एकूण सव्वापाचशे केव्हीए. माझ्या रेघेच्या थोडं वर, पण डीपीच्या आत.

आता शिस्त आणून बघा. 'रात्री दहानंतर वीज स्वस्त' असं कोणी ठरवलं आणि प्रत्येकाने मोबाइलवरून गाडीला दहाचा टायमर लावला. दहा वाजून शून्य सेकंदाला सगळ्या सुरू. १६८ सोडा, एक तृतीयांश म्हणजे ५६ जरी लागल्या तरी ४१४ किलोवॉट, आणि खालचे ३२० मिळून ७३० च्या वर. डीपी गेली. स्वस्त विजेच्या टायमरने गाड्यांमधली डायव्हर्सिटीच मारून टाकली.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. नोकरीची पहिली अकरा वर्षं मी तेव्हाच्या नगर जिल्ह्यात एका ग्रामीण उपविभागात काढली. तिथे शेतीपंपाला थ्री फेज एका आठवड्यात दिवसा, एका आठवड्यात रात्री. रात्री बाराला लाईट येणार, तर उठून पंप चालू करायला कोण जाणार? म्हणून प्रत्येकाने स्टार्टरला 'ऑटो' बसवलेला. १०० केव्हीएच्या डीपीवर पाच एचपीचे वीस पंप. एरवी चालताना ते निभावतं. पण फीडर, म्हणजे उपकेंद्रातून येणारी लाईन, चालू झाला की वीसच्या वीस मोटारी एका सेकंदात उठायच्या, आणि मोटार उठताना चालत्या करंटच्या पाच-सहा पट खेचते. डीओ, म्हणजे डीपीचा फ्यूज, जायचा. पुढच्या वेळी फ्यूज जाऊ नये म्हणून कोणी तरी जाड तार बांधायचा, आणि मग फ्यूजऐवजी डीपीच जायची. गहू ओंब्यांवर असताना डीपी जळाली की काय होतं ते मी पाहिलं आहे. कार्यालयात बसायला जागा उरायची नाही. शेवटी एका वस्तीवर लाईनमनने आपल्याच डोक्याने उपाय काढला. प्रत्येकाच्या ऑटोला वेगवेगळ्या मिनिटाचा टायमर लावून दिला, कोणाला दोन, कोणाला पाच, कोणाला नऊ. त्या डीपीवरून त्या हंगामात माझ्याकडे तक्रार आली नाही.

गाडीचा चार्जर मोटारीसारखा उठताना झटका देत नाही, हे बरं आहे. पण एकत्र उठण्याचा दोष तोच. म्हणूनच ब्रिटनने जून २०२२ पासून घरगुती चार्जरवर सक्ती केली की चालू होताना त्याने आपणहून दहा मिनिटांपर्यंत कितीही, दैवयोगाने ठरेल तेवढं, थांबायचं. आमच्या लाईनमनची युक्ती, फक्त कायद्यात लिहिलेली. तुम्ही चार्जर निवडताना ही सोय आहे का, एवढं जरूर विचारा. लाईट जाऊन परत आल्यावर तर ती फारच कामाला येते, कारण तेव्हा एसी, फ्रिज आणि गाड्या एकदम जाग्या होतात.

आता ती व्यवस्था. तिला इंग्रजीत मोठं नाव आहे, पण ज्यांनी कालव्याचं पाणी घेतलं आहे त्यांना मी 'शेजपाळी' एवढंच सांगतो. चारीला पाणी तेवढंच, प्रत्येकाला आपल्या पाळीने, आणि पाटकरी वर बसून बघतो की एकाने सगळं दार उघडलं नाही. इथे पाटकरी म्हणजे एक छोटा कंट्रोलर. डीपीच्या मुख्य इनकमरवर, म्हणजे आत येणाऱ्या मुख्य केबलवर, सीटी (करंट मोजणाऱ्या कड्या) बसवायच्या, त्या दर काही सेकंदांनी सांगतात की आत्ता किती अँपिअर चालू आहे. शिल्लक असेल तेवढं कंट्रोलर चार्जरना वाटतो. लोड वाढला की तो चार्जरना सांगतो, ३२ अँपिअरवरून १६ वर या, १० वर या. कमीत कमी ६ अँपिअरपर्यंत खाली आणता येतं. त्याच्या खाली चार्जिंग चालत नाही, मग थांबवून पाळी लावावी लागते. मध्यरात्रीनंतर एसीचा लोड उतरतो आणि सगळ्यांना भरपूर मिळतं. सकाळी गाडी भरलेली असते. रात्री तिने किती वेळा श्वास रोखला हे मालकाला कळतही नाही.

वर्षातले काही दिवस मात्र हिशेब बदलतो. गणपतीच्या आदल्या रात्री सोसायटीतल्या साठ गाड्या कोकणात निघायच्या आहेत आणि प्रत्येकीला पूर्ण भरायला ३० युनिट हवेत. १,८०० युनिट, सात तास, म्हणजे २५७ किलोवॉट. रात्रभर पाळीने वाटलं तर बसतं. पाळी नसेल तर त्या रात्री आरतीच अंधारात.

कंट्रोलर आणि चार्जर घेताना एक अट लेखी घाला: चार्जर ओसीपीपी या खुल्या प्रणालीवर चालणारा हवा. नाहीतर विक्रेता बदलायचा म्हटलं की सगळे चार्जर भंगारात. या एका ओळीसाठी सोसायट्या पस्तावलेल्या पाहिल्या आहेत. आणि पार्किंगमधल्या प्रत्येकाला ७.४ चा चार्जर लागत नाही. ३.३ किलोवॉटवर आठ तासांत २६ युनिट भरतात, म्हणजे दीडशे किलोमीटरहून जास्त. नेहमीच्या जागांवर ३.३, आणि गेटजवळ दोन-तीन जागा ७.४ च्या, घाईतल्या माणसासाठी आणि पाहुण्यांसाठी. मी हेच सुचवतो.

कनेक्शन कुठून घ्यायचं यावर प्रत्येक सोसायटीत भांडण होतं. तीन वाटा आहेत. एक, प्रत्येकाने आपल्या फ्लॅटच्या मीटरवरून पार्किंगपर्यंत केबल ओढायची. सोपं दिसतं, पण घरगुती दर स्लॅबने चढतो, त्यामुळे गाडीचे दीडशे युनिट नेमके महागड्या स्लॅबमध्ये पडतात, आणि मीटर रूममधून केबलांचं जंजाळ निघतं. दोन, प्रत्येकाने चार्जिंगसाठी स्वतंत्र मीटर घ्यायचा. ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ ला झालेल्या दुरुस्तीने तो अधिकार स्पष्टपणे दिला आहे. तीन, सोसायटीने चार्जिंगसाठी एकच स्वतंत्र कनेक्शन घ्यायचं, आत सबमीटर लावायचे आणि वापराप्रमाणे पैसे घ्यायचे.

कायद्याने दुसरी वाट मोकळी असली तरी माझं मत तिसरीच्या बाजूने आहे, आणि कारण पैशाचं नाही. साठ जणांचे साठ स्वतंत्र मीटर झाले की सगळ्यांच्या बेरजेवर लक्ष ठेवणारा कोणीच उरत नाही. पाटकरी बसवायचा तर चारी एक हवी. अर्थात हे तुमच्या इमारतींच्या रचनेवर अवलंबून आहे. सहा इमारती, प्रत्येकीचं पार्किंग वेगळं आणि मधे रस्ता असेल तर इमारतवार पॅनेल करावी लागतील. डीपी सोसायटीच्या मालकीची की वीज कंपनीकडे सुपूर्द केलेली, यावरही बरंच ठरतं. सुपूर्द केलेली असेल तर इनकमरवर सीटी बसवायलाही त्यांची लेखी परवानगी लागते. मग आपल्या बाजूच्या मुख्य पॅनेलवर बसवा. सवलतीच्या वेळांबद्दल मुद्दाम काही लिहीत नाही, त्या दर आदेशात बदलतात. वारं कुठे वाहतं ते मात्र स्पष्ट आहे: पूर्वी रात्रीची वीज स्वस्त असायची, आता सौरऊर्जेमुळे दुपारची स्वस्त होत चालली आहे. केंद्राच्या २०२३ च्या नियमांतच आहे की सौर तासांतला दर नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के कमी हवा.

आता तुमच्या ४३० अँपिअरकडे येतो, कारण मला खरी काळजी त्याचीच आहे. ते रीडिंग कुठल्या फेजचं? तुम्ही लिहिलेलं नाही आणि बहुधा इलेक्ट्रिशियनने सांगितलेलं नाही.

मागे एका सोसायटीत मला बोलावलं होतं. तक्रार अशी की एका इमारतीत रात्री दिवे मंद आणि दुसरीत एलईडी बल्ब सारखे जातात. डीपी ६३० चीच, कमिटीला खात्री की ती लहान पडते. मी फीडर पिलर, म्हणजे केबल जोडलेली बाहेरची पेटी, उघडला आणि क्लॅम्प मीटर फिरवला. तीन फेजपैकी आर फेजवर ३८० अँपिअर, वायवर २१०, बीवर १९०. सुरुवातीचे सगळे चार्जर आर फेजवर. इलेक्ट्रिशियनला विचारलं तर म्हणाला, "साहेब, आरची जागा समोरच रिकामी होती." डीपी निम्मीही भरलेली नव्हती. पण न्यूट्रलमधून, म्हणजे परतीच्या तारेतून, १८० अँपिअर परतत होते. आणि केबल साडेतीन कोअरची. म्हणजे तीन पूर्ण कोअर आणि न्यूट्रलला अर्धी. न्यूट्रलच्या लगवरचं (केबलच्या टोकाच्या जोडावरचं) इन्सुलेशन चॉकलेटी पडून कडक झालं होतं, बोटाने दाबलं तर तुकडा हातात आला. तो लग आणखी एक उन्हाळा टिकला नसता. न्यूट्रल सुटला तर २३० च्या लाईनवर कोणाच्या घरी साडेतीनशे व्होल्टही जातील, आणि मग टीव्ही, फ्रिज आणि त्या महागड्या गाडीचा चार्जर, सगळं एकदम. तिथे नवी डीपी घ्यावी लागली नाही. चार्जर तीन फेजवर वाटले, न्यूट्रलला जोड केबल टाकली, लग बदलले. दीड दिवसाचं काम.

म्हणून डीपी वाढवायचं कोटेशन मागण्याआधी मोजा. एक रात्र नाही. एप्रिल-मेमध्ये सलग आठ-दहा दिवस, लॉगर (आपोआप रीडिंग नोंदत राहणारं यंत्र) लावून, तिन्ही फेज आणि न्यूट्रल वेगवेगळे. शेवटच्या इमारतीत व्होल्टेजही घ्या. डीपीपासून दोन-तीनशे मीटरवर असलेल्या इमारतीत डीपीच्या आधी केबल नको म्हणते. लो टेन्शनला, म्हणजे घरापर्यंत येणाऱ्या विजेला, व्होल्टेज अधिक-उणे ६ टक्के चालतं; त्याच्या खाली जात असेल तर त्या इमारतीला वेगळी केबल लागेल, डीपी कितीही मोठी असली तरी.

८० टक्क्यांची रेघ का, हेही सांगतो, कारण कोणी ना कोणी म्हणेलच की 'ट्रान्सफॉर्मर तर १२० टक्केही झेलतो.' झेलतो, दोन तास. तेलाला तापायला वेळ लागतो, संध्याकाळी तापलं तरी पहाटे थंड होतं, आणि त्या थंड होण्यावरच त्याचं आयुष्य चालतं. आतला कागद हळूहळू करपतो. गुंडाळीचा सगळ्यात गरम बिंदू ९८ अंशांच्या वर गेला की पुढच्या दर ६ अंशांना कागदाचं वय दुप्पट वेगाने वाढतं. आपण आता रात्रही गाड्यांनी भरणार आहोत. म्हणजे जी विश्रांती त्याला मिळत होती ती काढून घेणार. म्हणून संध्याकाळचा डोंगर उचलून रात्रीच्या दरीत टाकताना दरी काठोकाठ भरायची नाही.

आणखी एक काम आहे, ज्याला पैसे फार लागत नाहीत, फक्त वेळ साधावी लागते. पार्किंगचे पेव्हर ब्लॉक पुढे कधीही उचलणार असाल, पाइपलाइनसाठी, गटारासाठी, कशासाठीही, तर त्याच खड्ड्यात रिकामे एचडीपीई (जाड प्लास्टिकचे) पाइप टाकून ठेवा. प्रत्येक इमारतीपर्यंत दोन. आत ओढायची नायलॉन दोरी सोडा आणि तोंडं बंद करा, नाहीतर उंदीर राहायला येतात. पाच वर्षांनी केबल ओढताना तुमचे वारसदार कमिटीवाले दुवा देतील. नवीन पॅनेल घेतानाही चार-सहा आउटगोइंग जागा जास्त ठेवा.

आता देशाच्या ग्रिडचा प्रश्न. गणित तेच, फक्त शून्यं वाढवा. एक कोटी इलेक्ट्रिक कार, रोज ५ युनिट, म्हणजे पाच कोटी युनिट. देशात रोज साडेचारशे कोटींच्या वर युनिट वापरले जातात; हे त्यातलं जेमतेम एक टक्का. पण त्याच एक कोटी गाड्या ७.४ वर एकाच क्षणी लागल्या तर ७४ गिगावॉट. ३० मे २०२४ ला देशाची मागणी २५० गिगावॉटला टेकली होती, तो तेव्हाचा उच्चांक. म्हणजे त्याच्या जवळपास तीस टक्के, एका फटक्यात. विजेचा तुटवडा ही मला मोठी अडचण वाटत नाही. वेळ आणि जागा या दोन अडचणी वाटतात. नॉर्वेत २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांपैकी जवळपास ८९ टक्के इलेक्ट्रिक होत्या आणि त्यांचं जाळं कोसळलं नाही. पण तिथे घरं विजेने गरम होतात, त्यामुळे घराघराच्या केबल आधीपासून जाड. आपल्याकडे तसं नाही, हे विसरून त्यांचा दाखला देण्यात अर्थ नाही.

वेळेबद्दल माझं मत: पुढच्या दहा वर्षांत सगळ्यात उपयोगाचा चार्जर तुमच्या सोसायटीतला नसेल, तो हिंजवडीतल्या ऑफिसच्या पार्किंगमधला असेल. गाडी दहा ते सहा तिथे उभी, आणि बरोबर त्याच वेळी सौर वीज वाया जाण्याइतकी. संध्याकाळी सूर्य मावळला की तीच वीज कोळशातून काढावी लागते.

जागेबद्दल: वीज कंपन्यांना बऱ्याच ठिकाणी आपल्याच डीपीवर किती लोड आहे हे माहीत नसतं. फीडरला मीटर असतो, ग्राहकाला मीटर असतो, मधली डीपी मुकी. २०२१ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या सुधारित वितरण योजनेत डीपींना मीटर बसवणं आहे. स्मार्ट मीटरवरून गावोगाव वाद झाले, पण माझ्या दृष्टीने त्या योजनेतलं सगळ्यात मोलाचं काम हे, ज्याची बातमी होत नाही. डीपीचा मीटर आणि आरटीओची नोंदणी शेजारी ठेवली की कुठली डीपी दोन वर्षांत रडणार हे आजच दिसेल.

काही ठिकाणी मात्र शेजपाळीने भागत नाही, तिथे तांबंच लागतं. (सवयीने तांबं म्हणतो, केबल ॲल्युमिनियमचीच असते.) बस डेपो घ्या. शंभर बस, दिवसाला २०० किलोमीटर, किलोमीटरला सव्वा युनिटच्या आत-बाहेर. २४ हजार युनिट, आणि बस रात्री सातच तास उभ्या. ३,४०० किलोवॉट येतातच, कितीही हुशारीने वाटले तरी. त्यासाठी २२ किंवा ११ केव्हीची स्वतंत्र लाईन आणि डेपोत स्वतःचं उपकेंद्र हवं, आणि ते बस यायच्या आधी उभं राहायला हवं. बसची ऑर्डर आधी आणि लाईनचा अर्ज नंतर, असं झालं की नव्या बस धूळ खात उभ्या राहतात. मुंबई-गोवा महामार्गावरच्या फास्ट चार्जरचं दुखणं वेगळं: लांबच लांब ग्रामीण फीडर, वर्षभर तुरळक गाड्या आणि गणपतीला चार दिवस रांगा. चार दिवसांसाठी लाईन दुप्पट करणं परवडत नाही. तिथे चार्जरशेजारी मोठी बॅटरी ठेवून ती फीडरवरून हळूहळू भरत राहणं जास्त शहाणपणाचं. गाडीतली वीज ग्रिडला परत देण्याबद्दल तुमच्या सभेत कोणी तरी बोललं, असं तुम्ही लिहिलं आहे. सोसायटीने आत्ता त्या नादी लागू नये.

एक गोष्ट मात्र सभेची वाट न बघता करा. बी विंगच्या पार्किंगमध्ये दोघे जण एक्स्टेंशन बोर्डवर कार चार्ज करतात, असं तुम्ही ओझरतं लिहिलं आहे. ते आज बंद करा. १५ अँपिअरच्या सॉकेटवर गीझर चालतो, पण वीस मिनिटं. गाडी त्याच सॉकेटमधून १४ अँपिअर सलग आठ तास ओढते. आधी पिन काळी पडते, मग प्लास्टिक मऊ होतं. चार्जिंगच्या प्रत्येक जागेला मुख्य पॅनेलवरून स्वतंत्र केबल, स्वतःचा एमसीबी आणि आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच), आणि मोजून बघितलेलं अर्थिंग हवं. आरसीसीबी साध्या एसी टाइपचा नको. गाडीच्या चार्जरमधून डीसी गळती झाली तर तो आंधळा होतो. टाइप बी घ्या, किंवा ६ मिलिअँपिअरची डीसी गळती ओळखणारा चार्जर आणि त्यामागे टाइप ए.

मे अजून बाकी आहे, लॉगर भाड्याने मिळतो. रीडिंग आली की मला पाठवा, बघून सांगतो. फक्त आर, वाय, बी आणि न्यूट्रल असे चार रकाने वेगळे ठेवा. सरासरी काढून एक आकडा पाठवू नका.